वस्तीकडचा पाईप

४ फेब्रुवारी, मंगळवार

आले एकदाची. कुरुंदवाडच्या पलीकडं, नदीकाठचं गाव. खोलीत एक खाट, एक टेबल आणि एक पंखा, जो फिरतो पण वारा देत नाही. पोचले म्हणून नवऱ्याला फोन केला. "किती महिने?" म्हणाला. म्हटलं, जमिनीला विचारून सांगते. तो हसला नाही. मलाही हसू आलं नाही.

काम असं आहे. नदीवरचा पूल बांधून झालाय. पलीकडचा रस्ताही झालाय. गावाकडचा राहिला, कारण इथली माती काळी, मऊ आणि खोलवर पाण्यानं भरलेली. तिच्यावर एकदम उंच भराव टाकला तर तो बसेल, नाहीतर बाजूला सरकेल. म्हणून आधी मातीतलं पाणी काढायचं. त्यासाठी चार बोटं रुंदीच्या पट्ट्या जमिनीत उभ्या, खोलवर रोवल्यात. वर वाळूचा थर, त्यावर मुरूम. वजन पडलं की पाणी दाबलं जातं, पट्ट्यांतून वर चढतं, वाळूतून बाहेर निघून जातं आणि जमीन खचत खचत घट्ट होते. एक थर टाकायचा, थांबायचं, मोजायचं, मग पुढचा. थांबणं आणि मोजणं हे माझं काम. बाकीच्यांचं काम मला शिव्या घालणं.

खोली बायडाबाईंच्या घरात मिळाली. वस्ती भरावाच्या अगदी पायथ्याशी आहे, बुद्धविहाराच्या मागं यांचं घर. मी "जय भीम मावशी" म्हटलं तर जरा बघत राहिल्या. बिद्रीकडची पाटलीण जय भीम कशी म्हणते, असं वाटलं असेल. मग म्हणाल्या, "जय भीम. च्यात साखर किती घालू?" इथल्या बायकांसारखं त्याही "मी जातो, मी करतो" बोलतात. पुण्यात राहून माझं ते सुटलं.

त्यांचे मालक भाऊसो काका. साखर कारखान्यात फिटर होते. आता दोन्ही किडन्या गेल्यात. मंगळवारी आणि शुक्रवारी इचलकरंजीला डायलिसिस. उजाडताना दोघं भरावाच्या टोकाला जाऊन वडापच्या जीपची वाट बघत बसतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन पाईप बसवले. एक भरावाच्या मध्यावर, एक वस्तीकडं, जीप थांबते तिथून हाकेच्या अंतरावर. खालच्या मातीत पाणी किती दाबाखाली अडकलंय ते पाईपातल्या पातळीवरून कळतं. पातळी चढली तर पाणी अडकलंय. उतरली तर निचरा होतोय, पुढचा थर टाका.

पाईप चालतो की बुजलाय हे बघायला वरून थोडं पाणी ओतून ते किती वेळात उतरतं ते मोजावं लागतं. माझी बाटली संपलेली. बायडामावशी जीपमधनं नुकत्याच उतरलेल्या, त्यांच्याच घरातला तांब्या मागून घेतला. ओतलं. त्या शेजारी उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर, नजर पाईपात.

"कशाला वततीस गं पाणी?"

"पाईप धरतोय का बघायला."

"म्हंजी हापशागत. आमचा हापसा बी तसाच हाय. आदी तांब्याभर पाणी घातल्याबिगार वर पाणी देत न्हाय."

मी घड्याळाकडं बघत होते. "होय, तसंच धरा," म्हटलं.

"आनि पाणी वर आलं म्हंजी?"

"पाणी वर आलं की रस्ता झाला म्हणायचा, मावशी."

त्यांना समजलं. शिकलेल्या माणसांना समजावताना माझा घसा बसतो, इथं दोन वाक्यांत काम झालं. बरं वाटलं.

२ मार्च, रविवार

सुट्टी. काकांजवळ बसले. ते उन्हात खुर्ची टाकून पुलाकडं बघत असतात. दर पुरात खालचा जुना रस्ता बुडतो, गाव तुटतं, आणि डायलिसिस तर चुकवता येत नाही. म्हणून दर जूनला या दोघांना कोल्हापुरात जावयाकडं जाऊन राहावं लागतं, ते थेट गणपती होईपर्यंत.

"जावई वाईट न्हाय," काका म्हणाले. "दीक्षा तर पोरगीच. पर दुसऱ्याच्या घरात माणसानं किती दिवस कोपऱ्यात बसायचं? चार पावसाळं काढलं. औंदाचा तेवढा हितं काढायचा हाय. माझ्या दारात. पुढचं कुणी बघितलंय."

मी काय बोलायला हवं होतं? मातीवर आपला भरवसा नसतो, हे बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "आषाढाच्या आत वरनं गाडी जाईल, काका." तोंडातून निघून गेलं. मावशींनी आतून ऐकलं आणि संध्याकाळी दीक्षाला फोन करून सांगूनही टाकलं, की औंदा येत नाही.

आता झोप लागेना. असल्या गोष्टी आपण का बोलतो कोण जाणे.

१८ मार्च, मंगळवार

दुसरा थर पडला. वाळूतून पाणी पाझरायला लागलंय, भर उन्हाळ्यात चर भरून वाहतोय. गाव बघायला लोटलं. मावशी चराच्या काठाला उभ्या राहून प्रत्येकाला सांगत होत्या, "वजन पडलं न्हवं, म्हनून पाणी वर आलं. क्रांतीनं सांगितलंय मला." मला इथं पाठवणारं आमचं कॉलेज यांना नेमून घेईल.

जमीन छान खचतेय. दोन्ही पाईप शहाण्यासारखे वागताहेत. मी मात्र पाय सुजवून घेतलेत.

८ एप्रिल, मंगळवार

मधला पाईप उतरला. वस्तीकडचा चढलाय. थोडाथोडका नाही, चांगला पुरुषभर.

पाईपात टेप पुन्हा सोडला. तेच. मुरुमाच्या ढिगावर बसून राहिले. ठेकेदाराचा इंजिनिअर सम्राट मोबाईलमधून मान न काढता म्हणाला, "टाकू काय मॅडम शेवटचा थर?" म्हटलं, नाही. तेव्हा कुठं त्यानं मान वर केली.

संध्याकाळी पुण्याला, कॉलेजात धैर्यशील सरांना कळवलं. ते म्हणाले, थांबा.

१५ एप्रिल, मंगळवार

पुन्हा चढलेला. पाईपाचं टोपण सैल होतं आणि बुडाची माती ओली. कुत्री. या गावात माणसांपेक्षा कुत्री जास्त.

काल सोमवारी सहज टेप सोडला होता तेव्हा पातळी बरीच खाली दिसली होती. मी खूश झाले, आणि आज हे. म्हणजे कालचं मोजमाप माझं चुकलं असणार. डोळे तपासायला हवेत. सगळंच तपासायला हवं.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज काकांना जरा बोलले, आणि मग दिवसभर वाईट वाटलं. झालं असं की, डॉक्टरांनी त्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय. आणि मावशी जीपला जाताना दर खेपेला भरलेला तांब्या घेऊन निघतात. आज मी मागोमाग गेले तर जीपमध्ये चढताना तांब्या रिकामा. मी म्हटलं, "काका, पाणी पिऊन तिकडं जाता, मग मशीन काय करील?"

काकांना राग आला. "घोट बी प्यालो न्हाय मी! विचार हिला."

मावशी पदरात तोंड घालून हसत होत्या. मला वाटलं, नवऱ्याला पाठीशी घालताहेत.

६ मे, मंगळवार

पातळी तशीच वर. पाणी तिथं निघत का नाही? पट्ट्या बुजल्या असतील. रोवताना वाकल्या असतील. वस्तीकडच्या मातीत काहीतरी वेगळं असेल. रोज एक नवं कारण सुचतं आणि रात्री ते खोटं वाटतं. जमीन किती खचली ते दाखवणारी, भरावाखाली पुरलेली तबकडी म्हणते, सगळं संपलंय, जमीन बसलीय. पाईप म्हणतो, खाली पाणी तुंबलंय. दोघांत एक खोटारडा आहे.

सम्राट आज चिडला. "मॅडम, पाईप खोटं बोलतोय. एका पाईपासाठी महिना बसलोय. पाऊस आला की मुरमाचा चिखल होतोय, मग रोलर काय चाटायचाय?" पोरगं उद्धट आहे, पण त्याचं चुकतं असं म्हणवेना.

पण मी कशी हो म्हणू? पाईप खरा असेल आणि मी वजन वाढवलं तर भराव सरकेल. सरकला तर वस्तीकडंच सरकेल. पहिल्याच रांगेत या दोघांचं घर. आपल्याच हातानं त्यांच्यावर डोंगर लोटू काय?

थांबा म्हणून सांगितलं. सगळे माझ्याकडं असे बघत होते की जणू मीच पूर आणणार आहे.

घरी आले तर मावशींनी चहा पुढं केला. "पाणी वर हाय न्हवं?"

"आहे. नको तितकं आहे."

"नको तितकं कसं? चांगलंच हाय की," म्हणाल्या, आणि गालात हसल्या. या बाईला कशाची काळजीच नाही. हेवा वाटला.

१३ मे, मंगळवार

वर.

२० मे, मंगळवार

वर. आणि आभाळ भरून आलंय. मे महिन्यात! राधानगरीकडं जोराचा झालाय म्हणे. सम्राटनं सांगितलं, आठवडाभरात परवानगी नाही दिली तर रोलर दुसऱ्या कामावर जाणार.

काकांनी आज विचारलं, "क्रांती, होतंय न्हवं?" पहिल्यांदाच विचारलं. म्हटलं, होतंय. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, हे जास्त लागलं.

२३ मे, शुक्रवार

काय लिहू. लिहायचंच आहे.

रात्री पाऊस झाला म्हणून उजाडताच भराव बघायला गेले. छत्री घेऊन चिखलातून वर चढत होते. काका जीपच्या थांब्यावर दगडावर बसलेले. मावशी पाईपाजवळ. टोपण काढून डाव्या हातात धरलेलं. उजव्या हातातला तांब्या पाईपात हळूहळू रिकामा करत होत्या. एक थेंब बाहेर सांडू न देता. लहान लेकराला पाजावं तसं.

मी जिथं होते तिथंच उभी राहिले. बोटभर जाडीचा पाईप. तांब्याभर पाण्यानं त्यात पुरुषभर पातळी चढते, आणि या मातीत ती उतरायला चार दिवस लागतात. मंगळवारी पहाटे ओतायचं आणि मंगळवारी सकाळी मी मोजायचं.

मावशींनी मला बघितलं. चोरी पकडल्यासारखं तोंड नव्हतं. उलट, लाज वाटावी इतकं गोड हसल्या.

"बघतीस काय? हापशाला वततो तसंच. तू एकदाच वतलंस आनि सोडलंस. एकदा वतून कुठं धरतंय? चराचं पाणी आटलं तवापास्नं मी दर खेपंला वततो, इचलकरंजीला जाताना. म्हनून तर पाणी वर हाय. यास्नी बी सांगितलं न्हवतं, मागं तू वरडलीस तवा सांगितलं."

दगडावरून काका म्हणाले, "मी म्हटलं न्हवतं, घोट बी प्यालो न्हाय."

राग येत होता, पण तो कुणावर काढायचा? तांब्या मीच मागितला होता. तसंच धरा, मीच म्हटलं होतं. पाणी वर आलं की रस्ता झाला, हेही माझंच. त्या माझ्याच सांगण्याप्रमाणं वागत होत्या.

एवढंच म्हटलं, "मावशी, आता पुरे. आता नका ओतू."

"लागलं पाणी?"

"लागलं."

"मग रस्ता?"

जीप आली. बरं झालं.

२७ मे, मंगळवार

शुक्रवारीच पाईप उपसून रिकामा केला, टोपणाला कुलूप घातलं. आज पातळी मधल्या पाईपाइतकी, खाली, शहाणी. जमीन तयार आहे. एप्रिलपासून तयार होती. शेवटचा थर तेव्हाच टाकला असता तर आत्तापर्यंत वर खडी पडली असती.

सरांना फोन केला. म्हणाले, मग इतके दिवस कशामुळं दिसत होतं? म्हटलं, टोपण सैल होतं, वरून पाणी जात होतं, माझ्या लक्षात आलं नाही. मग म्हणाले, "क्रांती, एप्रिलमध्ये कुठला पाऊस?" म्हटलं, सर, माझी चूक आहे, तशीच लिहा. त्यांनी पुढं खणलं नाही. माणूस चांगला आहे.

सम्राटला म्हटलं, टाका थर. त्यानं बाहेर बोट दाखवलं. पाऊस लागलेला. मुरमाच्या खाणीत गुडघाभर चिखल. रोलर काल संध्याकाळीच ट्रेलरवर चढून गेला. "आता दिवाळीनंतर, मॅडम." टोमणा मारेल असं वाटलं होतं. मारला नाही. माझ्यासाठी चहा सांगितला. त्यानं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१५ जून, रविवार

काकांना सांगितलं. दिवाळीनंतर होईल म्हणून. का, ते नाही सांगितलं.

ते म्हणाले, "असूं दे." मग खुर्ची उचलून सावलीत घेतली, पुलाकडं पाठ करून.

मावशी मात्र मानायला तयार नाहीत. "पाणी लागलं म्हनालीस न्हवं? मग कसा न्हाय झाला?" मी पाऊस लवकर आला म्हणाले. रोलर गेला म्हणाले. त्यांना पटलं नाही. पुरतं खरं नव्हतंच, कसं पटेल.

९ जुलै, बुधवार

नदी पात्राबाहेर यायच्या बेतात. जुन्या रस्त्याच्या सखल भागात पाणी आलं. आज दोघांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पलीकडं सोडलं. तिथून जावई गाडी घेऊन आलेला. काकांना ट्रॉलीत खुर्चीसकट चढवलं. त्यांनी घराकडं बघितलं नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू आपली जेवत जा. वाळलीयास."

घराची किल्ली माझ्याकडं दिलीय. भरावाचं मोजमाप चालूच ठेवायचं म्हणून मी राहणार. मोजायला आहे काय? सगळं जागच्या जागी आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी दीक्षाचा फोन आला. काका पहाटे गेले. डायलिसिसची एकही खेप चुकली नव्हती. झोपेतच गेले. "खुर्चीत बसल्या बसल्या कायम विचारायचे, पाणी उतरलं का," म्हणाली.

उतरलं नव्हतं. गावाभोवती सगळं पाणीच पाणी. आणायचं म्हटलं तरी गावात आणता आलं नसतं. कोल्हापुरातच सगळं केलं.

मी संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन बसले. खूप रडले. आजूबाजूला कुणीच नव्हतं, त्यामुळं आवरायचं काही कारण नव्हतं.

३१ ऑगस्ट, रविवार

पाणी ओसरलं. आज कोल्हापूरला पुण्यानुमोदनाला गेले. दीक्षाचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली काकांचा कारखान्याच्या कपड्यातला फोटो, पुढं मेणबत्त्या. वंदना झाली. माणसं जेवायला उठली. बाल्कनीच्या कोपऱ्यात एक खुर्ची होती. समोर शेजारच्या इमारतीची भिंत.

मावशी पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून बसलेल्या. मी पुढ्यात जाऊन बसले. येताना ठरवून आले होते की आज खरं सांगायचं. ओझं नको म्हणून. आता वाटतं, ते ओझं कुणाचं कमी करायला निघाले होते मी?

त्याच आधी बोलल्या. हळू, कुणी ऐकू नये म्हणून.

"एक बोलू का क्रांती? राग मानू नको. तू त्या दिवशी पुरे म्हनालीस, म्हनून थांबलो बघ मी. माझं मन सांगत हुतं, आजून लागणार हाय. पर तू शिकलेली. म्हटलं, तिला जास्त कळतंय." हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "आजून चार मंगळवार वतलं असतं तर झाला असता गं रस्ता. घरातनं गेलं असतं हे."

दीक्षा दारातून ऐकत होती. "आई, अगं काय बोलतीस," म्हणाली.

मी म्हटलं, "बरोबर आहे मावशी. मीच थांबवलं. चुकलं माझं."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"असूं दे. तुला तरी काय ठावं," म्हणाल्या, आणि मला ताट वाढायला उठल्या.